रटूनचं कार्ड

१

शुक्रवारी सकाळी साडेसातला माझे थोरले बंधू योगराज नाना यांचा फोन आला. "पितांबर, रटून गेलं," एवढंच बोलून त्यांनी फोन ठेवला.

आवाज असा होता की कुणाला वाटावं घरातलं माणूस गेलं. मी सदऱ्याची बटणं लावत बाहेर पडलो. आमची मंडळीही चहाचा कप तसाच ठेवून मागे निघाली. असोद्यात आमची दोन घरं एकाच गल्लीत, मध्ये फक्त पिठाची गिरणी. गिरणी ओलांडेपर्यंत मी तिला समजावून सांगितलं, की रटून हे माणसाचं नाव नसून इंग्रजी शब्द आहे, आणि गेलं असेल ते त्याचं कार्ड.

"ते मला ठाऊक आहे," ही म्हणाली. "तुम्ही बटणं वरखाली लावलीत."

आधी नानांचं वेड सांगतो. नाना हायस्कुलात इंग्रजी शिकवायचे. बावीस वर्षांपूर्वी केळीवरच्या एका पुस्तिकेत त्यांना हा रटून भेटला. इंग्रजीच्या मास्तरला इंग्रजी शब्द अडला, म्हणजे जावयाला पंगतीत ताट मिळालं नाही असं झालं. शाळेतल्या कोशात तो नव्हताच. उत्तर शेवटी आपल्याच केळीच्या बागेत सापडलं, आणि त्या दिवसापासून नानांनी स्वतःचा कोश करायला घेतला. शेतीतले अडनिडे इंग्रजी शब्द आणि त्यांना असोद्यापासून धुळ्यापर्यंत लोकांच्या तोंडी असलेले आपले शब्द. पुढे नात पुनम पुण्याला स्पॅनिश शिकली. इक्वेडोरहून केळीचे जाणकार जळगावला येतात, त्यांची ती दुभाषी झाली आणि कोशाला तिसरा रकाना फुटला. जगातली निम्मी केळी स्पॅनिश बोलतात, असं नाना सगळ्यांना सांगतात.

एका शब्दाला एक कार्ड. जळगावच्या नासीरभाईंच्या छापखान्यातलं कातरण कापून केलेली कार्डं, कोपऱ्यात भोक, अक्षरवार सव्वीस गठ्ठे, प्रत्येक गठ्ठा फायलीच्या लेसनं बांधलेला. पुढच्या बाजूला शब्द आणि त्याचे सगळे अर्थ. मागच्या बाजूला तो कुणी सांगितला त्याचं नाव आणि गाव. या बाबतीत नाना फार कडक. सांगणाऱ्याचं नाव नाही, तर शब्द कोशात नाही. धुळ्याच्या छगनभाऊंनी एकदा चाळीस शब्द आणले आणि ते कुणाकडून आणले हेच विसरले. नानांनी चाळीसच्या चाळीस परत केले.

रटूनचे तीन अर्थ होते. मला ते पाठ आहेत, कारण घरी येणाऱ्या प्रत्येकाला नाना ते ऐकवायचे. पहिला, झाड कापल्यावर बुंध्याशी फुटतं ते पील, स्पॅनिशमध्ये रेतोन्यो. दुसरा, नवी लागवड न करता त्याच पिलावर घेतलेलं पुढचं पीक, म्हणजे आपली पीलबाग, तिकडे सोका. तिसरा अर्थ क्रियापदाचा, बुडातून पुन्हा फुटून येणं, रेतोन्यार. स्पॅनिश आया लेकराला लाडानं रेतोन्यो म्हणतात, असं पुनमनं हिरव्या शाईनं खाली जोडलं होतं.

कोश नासीरभाईंच्या हसीबनं संगणकावर टाईप केला होता. शेवटचं प्रूफ नाना एकेका कार्डाशी ताडून बघत होते, कारण त्यांचा दुसरा नियम, कार्ड समोर नाही तर शब्द छापायचा नाही.

"मग एक शब्द गाळा," नानांच्या खोलीत बसल्यावर मी म्हणालो.

नानांनी माझ्याकडे मान वळवली. काचबिंदूनं त्यांचा डावा डोळा गेल्यातच जमा आहे. उजव्याचं ऑपरेशन सोमवारी होतं आणि डॉक्टरांनी कसलंही वचन दिलं नव्हतं. कोश स्वतःच्या डोळ्यांनी पाहून, शेवटच्या पानावर सही करून द्यायचा, एवढीच त्यांची इच्छा होती. शनिवारी दुपारी हसीब प्रूफ न्यायला येणार होता.

"ते पहिलं कार्ड आहे," नाना म्हणाले. "त्याच्याशिवाय कोश नाही. हसीबला सांग, येऊ नको."

२

आमची ही एसटीत तेवीस वर्षं कंडक्टर होती. जळगाव-धुळे, जळगाव-पहूर, सगळे रस्ते तिनं उभ्यानं पाहिलेत. माणूस कुठं चढला आणि कुठं उतरणार, हे त्याच्या तोंडावरून ओळखते. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी कुणी घरात आलं की हिची नजर आधी त्याच्या हाताकडे जाते, तिकीट आहे का बघायला.

"हसीबला कुणी काही सांगू नका," ही म्हणाली. "उद्या दुपारपर्यंत वेळ आहे. नाना, कार्ड शेवटचं कधी पाहिलं?"

"मंगळवारी संध्याकाळी. बुधवारी दिवसभर पुनमसोबत जळगावला डोळ्यांच्या दवाखान्यात होतो. दहाला निघालो, सहाला आलो. काल डोळ्यांत थेंब घातलेले, तर इथंच या खोलीत पडून होतो. आज सकाळी गठ्ठा उघडला."

"म्हणजे बुधवारी गेलं. बुधवारी घरी कोण होतं?"

"घरी कोणी नव्हतं," नाना म्हणाले. "हसीब मधे येऊन गेला म्हणे. छगनभाऊ आले होते. आणि बागेतला सुपडू, तो तर रोजचाच."

मी खिशातली वही काढली. छत्तीस वर्षं जिल्हा परिषदेत कारकुनी केली आहे, यादी केल्याशिवाय मला विचार सुचत नाही. हसीब, छगनभाऊ, सुपडू अशी तीन नावं लिहिली आणि खाली रेघ मारली. तेवढ्यात ताईबाई वहिनींनी चहा आणून ठेवला. मी कप उचलला, यादीवर चहा सांडला आणि वहिनींनीच पदरानं पुसला.

ही मात्र गठ्ठ्यांपाशी बसली होती. "नाना, लेस तुम्ही कशी बांधता?"

"बुटाच्या नाडीसारखी. सुरगाठ. एका हातानं सुटली पाहिजे."

"हे बघा." तिनं पहिल्या अक्षराचा गठ्ठा माझ्या पुढ्यात सरकवला. भाकरीचं फडकं बांधतात तशी घट्ट निरगाठ होती. दुसऱ्यालाही तीच. ही एकेक गठ्ठा पुढे ढकलत गेली. आरपर्यंतच्या अठरा गठ्ठ्यांना निरगाठी होत्या, आरची तर नानांना सकाळी सुटलीच नाही, लेस कापावी लागली होती. एसपासून पुढच्या आठांच्या सुरगाठी जशाच्या तशा.

"आणि हे अठरा गठ्ठे पालथे पडलेत," ही म्हणाली.

"घाईत ठेवले असतील," मी म्हणालो.

तिनं घड्याळ बघितलं आणि पिशवी उचलली.

३

साडेदहाच्या बसनं आम्ही जळगावला गेलो. हसीब छापखान्यात लग्नपत्रिकांच्या ढिगामागे होता. त्याची आजी ताजबी कोपऱ्यात पान लावत बसली होती. कापूस पिंजण्याचे शहाण्णव शब्द नानांना तिनं दिलेत, आणि ते ती येणाऱ्या गिऱ्हाइकाला मोजून सांगते.

"मावशी, खरं सांगू?" हसीब म्हणाला. "कोश आठवडाभर लांबला तर मला बरंच आहे. पत्रिकांनी मान वर करू देत नाही. पण नानांच्या कार्डाला मी हात लावीन? अब्बा मला या दुकानात उभं करणार नाहीत."

"बुधवारी किती वेळ होतास?"

"बाराला गेलो, दहा मिनिटांत निघालो. तिथल्या आजी नानांच्या खोलीतून बाहेर आल्या, चष्मा कपाळावर सारून माझ्याकडे बघितलं, चहा टाकते म्हणाल्या. मला घाई होती. तपासून झालेल्या प्रूफाची थप्पी घेतली आणि निघालो."

छगनभाऊ जळगावातच लेकीकडे उतरले होते. धुळ्याकडचा उसाचा शेतकरी, बोलणं मोकळं आणि राग नाकावर. रटूनच्या कार्डावर उसाचा खोडवा, म्हणजे तोडलेल्या उसाचं पुन्हा फुटलेलं पीक, पीलबागेच्या खाली लिहिला, म्हणून गेलं वर्षभर त्यांचं नानांशी वाजत होतं. नाना म्हणायचे, आधी केळी. छगनभाऊ म्हणायचे, आधी ऊस.

"वहिनी, मी चार वाजता उनू," ते म्हणाले. "नाना नव्हतात. त्यासनी खोलीमा खुर्चीवर बठनू, मोठ्या वहिनीसनी चहा दिधा, मंग माले झोप लागनी. साडेपाचले उठीसन निंघी गऊ."

"खोडव्याचा राग होता तुम्हाला."

"राग शे. आजबी शे. पन कार्ड मी कशाले चोरसू? कार्ड गयं म्हणजे खोडवा बी गया." थोडं थांबून ते म्हणाले, "नानानी बिचारानी आंधया व्हवाना पहिले पुस्तक देखाले पाहिजे. खोडवा खाले लिखा म्हणा, चालई."

दारापर्यंत येताना हिनं सहज विचारलं, "छगनभाऊ, इंग्रजी येतं का तुम्हाला?"

"एबीसीडी येस ना. साखर कारखानामा बारा वरीस उसन्या स्लिपा लिख्यात."

परतताना हिनं बसमधूनच पुनमला फोन लावला. पुनम केळीच्या पॅकहाउसात होती, मागे खोक्यांवर टेप ओढल्याचा आवाज येत होता. तिला आजोबांच्या ऑपरेशनची काळजी होती, कोशाची नव्हती. "एवढा नेम पाळणारा माणूस मी पाहिला नाही," ती म्हणाली. "मागच्या रविवारी सगळे जेवायला बसले होते, तेव्हा मी सांगणाऱ्यांची यादी वाचून दाखवली. छगनआबा दोनशे बारा, ताजबी आजी शहाण्णव, सुपडूमामा एकशे चाळीस, असं करत करत शेवटी घरातून, एक हजार एकशे चाळीस. एक नोंद तेवढी एकटी पडली होती. नाना म्हणाले, ती चुकून राहिली, खोड आणि घरातूनमध्ये टाक. कार्डावरही खोडायची आहे, अजून राहिलंय."

घरातून म्हणजे घरची माणसं. आमच्याकडे असंच म्हणतात, म्हणून मी ते वहीत लिहिलं नाही.

सुपडू बागेत भेटला. पहूरचा माणूस, तीस वर्षं नानांच्या बागेत आहे. रटूनचं कार्ड लिहिलं तेव्हा तोही तिथंच होता. नाना बांधावर बसून लिहीत होते, इकडे पिलं काढणं चाललं होतं, आणि कार्डाच्या कडेवर केळीचा चीक उडाला. केळीच्या चिकाचा डाग धुतला तरी जात नाही, काळा होऊन बसतो. तसा तो बावीस वर्षं बसला होता.

"बुधवारी घडं कापत व्हतो आक्का," सुपडू म्हणाला. "ट्रक हुभा व्हता. भाकर बी बागीतच खाल्ली. घराकडं फिरकलो नाही."

मी वही मिटली. मला चोर सापडला होता.

४

"ऐक," घरी आल्यावर मी हिला म्हणालो. "हसीबला इंग्रजी येतं, छगनभाऊंनाही येतं. यांच्यापैकी कुणी असता, तर सरळ आरचा गठ्ठा काढला असता. पण चोर पहिल्या अक्षरापासून सुरू झाला. म्हणजे चोराला एबीसीडी येत नाही. अक्षर न वाचता त्यानं कार्ड ओळखलं कसं? चिकाच्या डागावरून. डाग कुणाला माहीत? सुपडूला. वाईट वाटतं, पण इलाज नाही."

ही कणीक मळत होती. हात न थांबवता म्हणाली, "एक गठ्ठा घेऊन या नानांकडून. येताना घड्याळ आणा."

मी आणला. तिनं मला तो सोडायला लावला, एकेक कार्ड पाहायला लावलं, परत ओवून निरगाठ मारायला लावली. मला दहा मिनिटं लागली आणि अंगठा सोलला.

"अठरा गठ्ठ्यांना किती झाले?"

"तीन तास."

"हसीब दहा मिनिटं होता. छगनभाऊ दीड तास, तेही झोपेत. सुपडू ट्रकपाशी, दिवसभर पाच माणसांच्या नजरेसमोर. यातला कोण तीन तास तिथं बसला?"

मी सोललेला अंगठा चोखला.

"आता डाग," ती म्हणाली. "डाग कार्डाच्या कडेवर होता. गठ्ठा बाजूनं बघितला तर काळी रेघ दिसायची, लेस सोडायची गरजच नव्हती. म्हणजे शोधणारा डाग शोधत नव्हता. गठ्ठे पालथे का होते, ते सांगा."

"घाईत."

"तीन तास बसलेल्याला कसली घाई? पालथे होते, कारण तो पाठी वाचत होता. पुढची बाजू त्याला नकोच होती. इंग्रजी येवो न येवो, काय फरक पडतो? तो मराठीत लिहिलेलं एक नाव शोधत होता. पहिल्या कार्डापासून शोधत आला आणि आरमध्ये त्याला ते सापडलं. म्हणून पुढच्या आठ गठ्ठ्यांना हात लागला नाही. तिकीटसुद्धा मी आधी उलटून बघायची. पुढं भाडं असतं, मागं माणूस काय काय लिहून ठेवतो."

तिनं कणकेचे हात पुसले आणि पुनमला परत फोन लावला. एकच प्रश्न विचारला. "रविवारी जी नोंद एकटी पडली होती, ती कुणाच्या नावावर होती?" उत्तर ऐकून फोन ठेवला तेव्हा तिचा चेहरा उतरला होता.

"कोण?" मी विचारलं.

"सुपडू सुटला, हसीब सुटला, छगनभाऊ सुटले. तुमच्या यादीत आणखी कोण आहे?"

"कोणीच नाही. घरी कोणी नव्हतं, नाना म्हणालेच की."

"आणि छगनभाऊंना चहा कुणी दिला?" ही म्हणाली.

५

मी ओट्यावर जाऊन बसलो. हसीबला चहाचं विचारलं ते वहिनींनी, चष्मा कपाळावर सारून. झाडलोट करायला चष्मा कशाला लागतो? सकाळी माझ्या यादीवरचा चहा त्यांनी पुसला आणि यादीत त्यांचं नाव नव्हतं. नानांनीही मोजलं नाही, मीही मोजलं नाही. मुद्दाम नव्हे, ते आमच्या डोक्यातच आलं नाही.

"एक हजार एकशे चाळीस कार्डांवर नानांनी घरातून लिहिलंय," ही माझ्याजवळ येऊन बसली. "ते सगळे शब्द अक्कांचे, तुमच्या वहिनींचे. निंदणीचे, पिलं काढायचे, बिबडे वाळवायचे. सगळ्यांना नाव आहे, गाव आहे. अक्कांना नाव फक्त एका कार्डावर आहे, पहिल्या. तेव्हा नाना या कामात नवे होते, त्यांनी नियमाप्रमाणे पूर्ण नाव लिहिलं. मग पुढच्या कार्डापासून का सोडलं असेल?"

ते मला माहीत होतं. बावीस वर्षांत मी ते विसरलो होतो, आणि आता एकदम सगळं आठवलं. नानांनी ते पहिलं कार्ड मला कौतुकानं दाखवलं होतं. मी उलटून पाहिलं आणि चार माणसांत हसलो होतो. म्हणालो होतो, "नाना, बायकोचं नाव? उद्या दारावर पाटीच लावा." चौघंही हसले. नाना कानापर्यंत लाल झाले आणि कार्ड त्यांनी खिशात घातलं. आमच्या घरात कुणी बायकोचं नाव घेत नाही. नाना शिकलेले असले तरी याच घरातले.

मी हे हिला सांगितलं. ती उठून पोळ्या लाटायला गेली. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

संध्याकाळी ही एकटी वहिनींकडे गेली. काय झालं ते तिनं मला नंतर सांगितलं. तिनं कार्डाचं नावही काढलं नाही. "अक्का, बिबडे तळू का?" म्हणून फडताळावरचा बिबड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या पापडांचा, डबा काढायला गेली. त्या डब्याला घरातला पुरुष कधी हात लावत नाही. वहिनींनी तिचा हात धरला.

"मी काय चोरी केली का?" वहिनी म्हणाल्या. "आपलं व्हतं ते उचललं. माह्यं नाव त्यायनं जलमात एकदा लिवलं, तेबी खोडा म्हने. समद्याइच्या समोर. मी वाढत व्हती."

"कोश थांबलाय, अक्का."

"मले माहीत हाये. दोन रातींपासून डोया लागला नाही. त्याइच्या डोयांचं काही झालं तर मीच केलं म्हनून मले जलमभर लागंल. पन कार्ड देलं की खोडतीन." आणि वहिनी रडल्या. चोपन्न वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलेलं नाही.

हिनं त्यांना एवढंच सांगितलं, की उद्या दुपारपर्यंत डबा उघडू नका.

६

शनिवारी दुपारी दोनला नानांच्या खोलीत आम्ही सगळे जमलो. हसीब संगणक घेऊन आला होता. छगनभाऊ भांडायला म्हणून आले होते, पण येताना नानांसाठी धुळ्याची शेव घेऊन आले. पुनमनं रजा काढली होती. सुपडू दाराशी उकिडवा बसला होता. वहिनी नेहमीप्रमाणे स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभ्या होत्या.

"कार्ड येईल," ही म्हणाली. "कुणी नेलं, का नेलं, ते कुणी विचारायचं नाही. फक्त त्याआधी नाना, सांगणाऱ्यांची यादी तुम्ही स्वतः वाचा. मोठ्यानं."

नानांनी भिंग धरलं. छगन, धुळे, दोनशे बारा. ताजबी, जळगाव, शहाण्णव. सुपडू, पहूर, एकशे चाळीस. प्रत्येक नावाला त्यांचा आवाज सुखावत होता. शेवटी म्हणाले, "घरातून, एक हजार एकशे चाळीस, आणि ती एक धरून एक्केचाळीस."

"हे कोण?" हिनं विचारलं.

"कोण म्हणजे?"

"पूर्ण नाव काय? गाव कोणतं?"

नाना हसले. मग त्यांचं हसू गेलं.

"तुमचा नियम आहे," ही म्हणाली. "सांगणाऱ्याचं नाव नाही तर शब्द नाही. छगनभाऊंचे चाळीस शब्द तुम्ही परत केले. मग हे अकराशे एक्केचाळीस पण काढावे लागतील. पाऊण हजार कार्डं वाचली तरी पुष्कळ झाली, हसीबचा कागद वाचेल."

छगनभाऊंनी मान खाली घातली. मी तर आधीच घातली होती. नानांनी भिंग टेबलावर ठेवलं. उजव्या डोळ्यातून पाणी आलं, ते थेंबांचं होतं की दुसरं, मला सांगता येणार नाही.

"नाना," मी म्हणालो, "बावीस वर्षांपूर्वी मी हसलो होतो. माझं चुकलं." एवढं बोलायला मला बावीस वर्षं लागली.

नाना माझ्याकडे वळले नाहीत. "हसीब, घरातून असं जिथं जिथं आहे तिथं बदल," ते म्हणाले. "लिही. सांगणार." आणि थांबले. खोकले. पाणी प्यायले. परत म्हणाले, "सांगणार." चोपन्न वर्षांच्या संसारात न उच्चारलेलं नाव घशात किती खोल जाऊन बसलं होतं, ते आम्ही सगळे बघत होतो. पुनमनं सांगायला तोंड उघडलं, तर हिनं तिचा हात दाबला.

"ताईबाई," नाना म्हणाले. मग आणखी मोठ्यानं, वर्गात हजेरी घेतात तसं. "ताईबाई योगराज नारखेडे. असोदा."

उंबऱ्यात कोणी नव्हतं. आतून डब्याचं झाकण पडल्याचा आवाज आला.

हसीबनं कळ दाबली. "झालं, नाना. सगळ्या ठिकाणी बदललं."

"वाच एकदा."

हसीबनं वाचलं. नानांनी ते डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "अजून एकदा."

तेवढ्यात वहिनी आल्या. हातात कच्च्या बिबड्यांचं ताट होतं आणि बिबड्यांवर कार्ड. नानांनी ते उचललं, कडेच्या काळ्या डागावरून अंगठा फिरवला, मग नाकाजवळ नेलं. "याला लसणाचा वास येतो," ते म्हणाले.

"डब्यात व्हतं," वहिनी म्हणाल्या. "खोडतान का?"

"नाही. पण तुला विचारायचं राहिलं होतं. पीलबागेचा अर्थ मी बरोबर लिहिलाय का?"

वहिनी चष्मा लावून खाली बसल्या. कार्ड हातात घेतलं आणि नानांना ऐकू जाईल असं सावकाश वाचू लागल्या. दुसऱ्या अर्थापाशी थांबून म्हणाल्या, "ठीक हाये. पन खोडवा वरती घेतला तरी चालंल. भाऊ एवढ्या लांबून येतात."

छगनभाऊंनी शेवेची पिशवी त्यांच्यापुढे सरकवली. तिन्ही अर्थ ताडून झाल्यावर नानांनी प्रूफाच्या शेवटच्या पानावर सही केली. सही थोडी तिरकी गेली, पण त्यांची होती.

सोमवारी ऑपरेशन झालं. पट्टी अजून निघायची आहे. तोवर हा सगळा प्रकार मी लिहून काढला आणि काल रात्री जेवण झाल्यावर हिला वाचून दाखवला. हिनं शेवटपर्यंत ऐकलं. म्हणाली, सगळं जसं झालं तसं आहे, फक्त एक राहिलंय. काय ते सांगितलं नाही आणि भांडी घासायला गेली.

मी पहिल्या पानापासून परत वाचलं. गाठी हिनं ओळखल्या, तीन तास हिनं मोजले, पालथे गठ्ठे हिनं पाहिले, आणि मी सगळीकडे 'ही' लिहिलं होतं, 'ती' लिहिलं होतं, एका ठिकाणी 'मंडळी' लिहिलं होतं. पान उलटलं, पेन घेतलं आणि मागच्या कोऱ्या बाजूला नानांच्या नियमाप्रमाणे लिहिलं. पहिल्यांदा हात अडला, पण लिहिलं.

सांगणार: कोकिळा पितांबर नारखेडे, असोदा.